कॉइल साइडिंग नेलर, सात महिने वापरल्यानंतर : पहिलाच खिळा जास्त आत का घुसतो?

मागच्या शनिवारी माझ्या नेलरच्या, म्हणजे हवेच्या दाबाने खिळे मारणाऱ्या गनच्या, मागून सूंऽऽ करत हवा जायला लागली आणि ट्रिगर दाबला की खिळा अर्धाच आत. तीन भिंती झाल्यात, चौथी अर्धवट, वर पावसाचा अंदाज. म्हणून आज सगळंच लिहून टाकतो.

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, रॅलेजवळ, १९९१ चं. त्या काळातल्या इथल्या बऱ्याच घरांसारखं हार्डबोर्डचं (दाबलेल्या लाकडी लगद्याचं) साइडिंग, म्हणजे भिंतींवरचं बाहेरचं फळ्यांचं आवरण, होतं, खालच्या कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या फुगलेल्या. कॉन्ट्रॅक्टरांचे आकडे ऐकून ठरवलं की शनिवार-रविवार एकेक भिंत आपणच करायची, हार्डी कंपनीच्या सव्वाआठ इंची फायबर सिमेंटच्या (सिमेंट आणि लाकडी तंतूंच्या) फळ्या आणून.

गन निवडताना शेजाऱ्याची फ्रेमिंग गन (घराचा लाकडी सांगाडा ठोकायची) फुकट मिळत होती, पण तिचा दणका लाकडासाठी असतो, फायबर सिमेंटच्या ५/१६ इंची फळीत डोकं सरळ आरपार जायची भीती, शिवाय तिचे खिळे कापलेल्या डोक्याचे, ते इथे चालत नाहीत. छपराच्या रूफिंग गनमध्ये पावणेदोन इंचाच्या वर खिळा बसत नाही आणि मला २ इंची हवा होता. कॉइल साइडिंग गन सव्वा ते अडीच इंच घेते, पूर्ण गोल डोक्याचे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) खिळे मिळतात, म्हणून तीच घेतली. वजन, मॅगझिन, ग्रिप सगळं ठीक, त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

बोलायचंय ते खोलीबद्दल, म्हणजे खिळा किती आत जातो त्याबद्दल. खिळ्याचं डोकं फळीला टेकलेलं हवं, बस्स. आत रुतलं की वरचा थर फुटतो आणि मग पकड कमी होते, लांबून भिंत छान दिसते पण वादळात फळी खुळखुळणार. आणि ब्लाइंड नेलिंगमध्ये, म्हणजे वरच्या कडेपासून इंचभर खाली खिळा मारून पुढची फळी त्यावर सव्वा इंच चढवायची, तिथे चूक झाकली जाते, नंतर कुणाला कळतसुद्धा नाही. मला हेच सहन होत नव्हतं.

पहिले दोन महिने मी गनलाच शिव्या घातल्या. नाकाजवळचं डेप्थचं चाक फिरवून फिरवून बोट दुखलं, चार खिळे बरोबर आणि मधेच एक धप्पकन आत. चाक खराब आहे असं गृहीत धरून रिटर्न करायला गेलो तर काउंटरवर सांगितलं की मुदत संपली, सर्व्हिस सेंटरला पाठवा. चिडून परत आलो.

मग एका रविवारी बाबा (नाशिकहून आलेत) खाली खुर्ची टाकून बसले होते, ते म्हणाले, "अरे, तू शिडी हलवून आलास की पहिलाच खिळा आत जातो, बघ." मोजलं तर खरंच! कारण कंप्रेसरपासून गनपर्यंतचा माझा हवेचा पाइप ५० फुटी आणि पाव इंची. थांबलेलं असताना पाइपात पूर्ण दाब भरलेला असतो, आणि पटापट मारायला लागलं की बारीक पाइपातून हवा पुरत नाही, दाब कमी होतो. मी चालू कामाच्या दाबावर चाक लावत होतो आणि विश्रांतीनंतरचा पहिला खिळा जास्त दाबाने जात होता. गनचा दोष नव्हताच, आधी लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता.

आता ३/८ इंची पाइप लावलाय, दाबाचा रेग्युलेटर ९० वरून ८० पीएसआयवर आणलाय, आणि बंप फायर (ट्रिगर दाबून धरून नाक टेकवत पटापट मारणं) बंद, एकेकच खिळा. रोज सकाळी आधी एका तुकड्यावर, मागे ओएसबी (लाकडी चिपांचा तक्ता) आणि स्टड (भिंतीतला उभा लाकडी खांब) ठेवून, थोडं थांबून, मग मारून बघतो. स्टड चुकला आणि खिळा नुसत्या ओएसबीत गेला तर तो जास्त रुततो, म्हणून दर १६ इंचांवरच्या स्टडच्या खुणा आधीच खडूने करतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी मुद्दाम डोकं कागदाच्या जाडीइतकं वर ठेवतो आणि हातोडीने एकदा टेकवतो. ही बाबांची सवय. गावाकडे सिमेंटचे पत्रे बसवताना जे-हुकचा (पत्रा धरणाऱ्या वाकड्या बोल्टचा) नट करकचून आवळला की पत्रा तडकतो, "बसला की सोडून द्यायचं" असं ते म्हणतात. माझ्या फळ्यांत अॅस्बेस्टॉसऐवजी लाकडाचा लगदा असतो पण ठिसूळपणा तोच. वेळ जास्त लागतो, मला चालतं.

(कापताना मास्क लावाच, सिलिकाची धूळ फार वाईट.)

आता हवा गळण्याचं. सर्व्हिसवाल्यांनी तीन आठवडे सांगितले आणि तपासायचेच वेगळे पैसे. ते नको म्हणून १८ डॉलरचं ओ-रिंगचं (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचं) किट मागवलं, झाकणाचे चार बोल्ट काढले, जुनी रिंग कडक होऊन चिरलेली होती. गनमध्ये रोज घालायचे तेलाचे चार थेंब मी उन्हाळ्यात विसरलो होतो, तो माझा दोष. पण तीन आठवडे हा काय प्रकार? एवढ्याशा रबरासाठी अख्खी भिंत उघडी ठेवायची?

काल परत जोडली, ८० वर सलग साठ खिळे मारले, गळती नाही. पश्चिमेच्या भिंतीच्या अकरा ओळी राहिल्यात, बाबा दिवाळीनंतर परत जाणार आहेत, त्याआधी संपवतोय.