पद्मिनी घ्यावी की स्विफ्ट?

घरात एकच गाडी राहणार असेल तर स्विफ्ट घ्या. हे आधीच सांगतो, कारण जुन्या प्रीमियर पद्मिनीवर माझा जीव आहे आणि पुढे तो लपणार नाही.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनायची आणि 1974 च्या सुमारास तिला हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम 40 अश्वशक्ती आणि जुन्या मॉडेलांत गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. 2024 ची स्विफ्ट 1197 सीसीची, तीन सिलिंडरची. ताकद दुप्पट, आणि कंपनी लिटरला जवळपास 25 किलोमीटर सांगते. पद्मिनीने 12-13 दिले तरी मालक खूश असतो.

सुरक्षिततेत तुलनाच होत नाही. स्विफ्टच्या प्रत्येक मॉडेलला सहा एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) मिळतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, बाकी काही नाही. ‘जुना पत्रा जाड, म्हणून गाडी मजबूत’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. धडकेत गाडीचं नाक चेपलं गेलं पाहिजे, तरच तो जोर आतल्या माणसांपर्यंत कमी पोचतो. लहान मुलांना घेऊन एक्स्प्रेसवेवर पद्मिनी काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना आणखी एक फरक कळतो. पद्मिनीत टाकीतलं पेट्रोल ओढून आणणारा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. स्विफ्टचा पंप टाकीत बुडालेला असतो, त्यामुळे हा त्रास होत नाही.

मात्र बिघाड हाताने समजून घ्यायची ज्याला आवड आहे, त्याला पद्मिनीसारखी गाडी मिळणार नाही. प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे धातूचे टोक, समोर दिसतात. काळे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासा, फटीचं माप लावा आणि गाडी पुन्हा सुरू होते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, चोंदलं तर फुंकर मारूनही काम भागतं. स्विफ्टच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की स्कॅनर लागतो आणि बहुतेकदा आख्खा सुटा भाग बदलावा लागतो. अर्थात तो दिवा वर्षानुवर्षे लागतही नाही, हेही खरं.

आता पेट्रोल भरायला गेलं की 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि तिच्या इंजिनवरच्या पंपाचा पडदा त्याने खराब होतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. पद्मिनी घेतलीत तर पहिला खर्च नळ्या बदलण्यावर करा, रंगावर नको.

कागदपत्रांत एक मेख आहे. 50 वर्षं उलटलेली आणि फारसे बदल न केलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठी. रोज चालवायची असेल तर नेहमीच्याच नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्या.

छपराखालची जागा, जवळपास कार्बोरेटर जाणणारा मिस्त्री आणि घरात दुसरी गाडी, हे तिन्ही असेल तर पद्मिनी जरूर घ्या. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालावा लागेल. घेताना इंजिनच्या आवाजावर भुलू नका. इंजिन बांधून मिळतं, सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. पायाखालचा गालिचा उचला, डिकीतलं स्टेपनीचं चाक बाहेर काढा, दारांच्या खालच्या कडा बोटाने दाबून बघा. मग चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा आणि त्यानंतरच किमतीचं बोला.