तीन पावसाळे पाहिलेले स्मार्टवॉच आणि पुढच्या घड्याळाकडून अपेक्षा

मी फोंड्याला राहतो आणि नोकरीसाठी रोज स्कूटरने पणजीला जातो. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मी स्वतःसाठी ३०,००० रुपयांच्या आसपासचे एक स्मार्टवॉच घेतले आणि त्याच आठवड्यात आईसाठी २,५०० रुपयांचे साधे स्मार्टवॉच घेतले. तेव्हापासून ही दोन्ही घड्याळे आमच्या मनगटांवर आहेत. आता माझ्या घड्याळाची बॅटरी थकली आहे आणि नवे घ्यावे काय, हा प्रश्न घरात रोज निघतो, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कंपन्यांची नावे देत नाही, कारण ज्या उणिवा मला जाणवल्या त्या एका कंपनीपुरत्या आहेत असे मला वाटत नाही. पुढच्या पिढीच्या घड्याळात कोणता नवा सेन्सर येणार याची चर्चा सगळीकडे चालते. मला मात्र आधी हे हवे आहे की असलेल्या सेन्सरांनी घामेजलेल्या, भिजलेल्या मनगटावरही खरे तेच सांगावे, आणि जे सांगायचे ते मला वाचता येईल अशा मराठीत सांगावे.

आधी चांगल्या बाजूबद्दल. हृदयाचे ठोके मोजण्याचे काम माझ्या घड्याळाने मनापासून केले आहे. पाठीमागे लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तात शोषला जातो. प्रत्येक ठोक्याला मनगटातील रक्त कमीजास्त होते, तसा परतणारा प्रकाशही कमीजास्त होतो आणि त्या चढउतारांवरून ठोके मोजले जातात. स्वस्थ बसलेले असताना नाडीवर बोट ठेवून मिनिटभर मोजलेले ठोके आणि घड्याळाचा आकडा यांत दोन-तीनपेक्षा अधिक फरक मला क्वचितच आढळला. खरी कसोटी लागते ती एप्रिल-मेमध्ये. घामाने पट्टा घसरू लागतो, त्याच्या फटीतून बाहेरचा प्रकाश आत शिरतो, स्कूटरच्या हँडलची थरथर मनगटात उतरते, आणि बाणस्तारीचा पूल ओलांडताना मी शांतपणे चाललेलो असूनही घड्याळ १४० ठोके दाखवते. मापन चुकले याचा राग नाही, कारण अशा स्थितीत ते अवघडच आहे. माझे म्हणणे एवढेच की घड्याळाला स्वतःची हालचाल कळते, आलेला प्रकाश गढूळ आहे हेही त्याच्या गणिताला कळत असले पाहिजे. मग त्याने ठाम आकडा न दाखवता 'सध्याचे मापन भरवशाचे नाही' असे लिहायला हवे.

पावले मोजण्यातही हीच गोष्ट. चतुर्थीत आमच्या घरी रात्री आरत्या होतात आणि मी घुमट वाजवतो. तासाभराच्या आरत्यांनंतर घड्याळाने मी हजारो पावले चाललो असल्याचे नोंदवून माझे अभिनंदन केले, वास्तविक मी मांडी घालून एका जागी बसलो होतो. नारळ खवताना आईच्या घड्याळाचे असेच होते. हाताच्या लयबद्ध हालचालीला पाऊल समजणे ही जुनी अडचण आहे, पण पुढच्या घड्याळाला 'हे चालणे नव्हते' असे आपण सांगावे आणि त्याने ते पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवावे, एवढी सोय अवघड नसावी.

आता पावसाविषयी, कारण गोव्यात या घड्याळांची परीक्षा जून ते सप्टेंबर याच महिन्यांत होते. पाऊस पडू लागला की पडद्याला बोट कोणते आणि थेंब कोणता हे उमगत नाही, कारण बोटाप्रमाणेच पाण्यानेही पडद्यावरील विद्युतभार बदलतो. रेनकोटच्या बाहीतून टपकणाऱ्या पाण्याने माझ्या घड्याळाने एकदा आपणहून फोन लावला आणि एकदा सकाळचा गजर पुसून टाकला. पडदा कुलूपबंद करण्याची सोय आहे, पण ती सुरू करण्यासाठीही त्याच ओल्या पडद्याला स्पर्श करावा लागतो. पुढच्या घड्याळाला किमान दोन खरी, दाबली जाणारी बटणे असावीत आणि फोन उचलणे, गजर थांबवणे, मदत मागणे ही तीन कामे पडद्याला हात न लावता व्हावीत, ही माझी पहिली मागणी आहे.

पाण्यापासून संरक्षणाबद्दल दुकानात जे सांगितले जाते तेही तपासून घ्यायला हवे. '५ एटीएम' किंवा '५० मीटर' असे लिहिलेले घड्याळ ५० मीटर खोल बुडी मारण्यासाठी नसते. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाखालील चाचणीचा असतो. शिवाय पाणी आत येऊ न देणारी रबरी कड कालांतराने झिजते, आणि साबण, सनस्क्रीन व समुद्राचे मीठ तिचे आयुष्य कमी करतात. मिरामारला लाटांत पाय भिजवून आल्यावर मी घड्याळ नेहमी नळाच्या गोड्या पाण्याने धुतले, म्हणून त्याची कड टिकली असावी. आईच्या घड्याळाचे मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात दुखणे निघाले. त्याच्या पाठीवर चार्जिंगसाठी धातूची उघडी टोके आहेत. घामाचे मीठ आणि हवेतील दमटपणा यांनी त्यांवर हिरवट थर चढला आणि चार्जिंग अधूनमधून तुटू लागले. आता ती टोके कोरड्या कापडाने पुसून मगच चार्जर लावतो. कोकणपट्टीत राहणाऱ्याने उघडी टोके असलेले घड्याळ शक्यतो घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मराठीचा मुद्दा मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो. माझ्या महाग घड्याळात मराठी संदेश नीट दिसतात, मात्र त्यातील सूचना, आरोग्याचे इशारे आणि बोलून दिलेल्या आज्ञा यांतले जवळजवळ काहीच मराठीत नाही. आईच्या घड्याळात तर अक्षरेच मोडतात. संगणकात 'दि' हे अक्षर आधी 'द' आणि नंतर वेलांटी या क्रमाने साठवले जाते, आणि पडद्यावर वेलांटी व्यंजनाच्या आधी आणून मांडण्याचे काम वेगळ्या प्रणालीला करावे लागते. स्वस्त घड्याळात ती प्रणालीच नसली की साठवल्या क्रमाने अक्षरे उमटतात. माझ्या बहिणीने 'दिवाडीला पोचले' असे लिहिले तर आईला ते 'दविाडीला' असे दिसते; म्हापशाच्या 'म्हा'तील 'म' पाय मोडून वेगळा उभा राहतो आणि चतुर्थीचा रफार गळून पडतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, त्यामुळे हे तंत्र नवे नाही. शिवाय १९८७च्या राजभाषा कायद्यानुसार गोव्यात देवनागरीतील कोकणी ही राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामकाजासाठी वापर होतो. म्हणजे एका लिपीची व्यवस्था नीट केली तर इथल्या दोन्ही भाषांच्या लोकांना घड्याळ वाचता येईल. माझी आई फोनवर वर्तमानपत्र वाचते, नातवंडांना लांबलचक संदेश लिहिते. घड्याळाने तिला निरक्षर ठरवावे, हे मला फार लागते.

याच आईला रक्तदाबाचा त्रास आहे आणि सीमारेषेवरचा मधुमेहही आहे, म्हणून आरोग्याच्या दाव्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले होते. त्यामुळे 'सुई न टोचता साखर मोजणारे घड्याळ' ही पुढच्या पिढीकडून असलेली सर्वांत मोठी आशा आपल्याकडे घरोघर ऐकू येते, आणि तिचाच गैरफायदा घेतला जातो. आईच्या घड्याळातही साखरेचा एक पडदा आहे. मी एका सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर आणि नुसते टेबलावर गुंडाळून ठेवलेल्या टॉवेलवर बांधून, असे तीन वेळा ते मापन घेतले. टॉवेललाही साखर होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता की, त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवून, त्वचेखाली बारीक तंतू घालून साखर मोजणारी उपकरणे वेगळी. त्यांचे आकडे घड्याळावर दाखवता येतात, पण मोजणारे घड्याळ नसते. प्रकाशाने साखर ओळखणे कठीण आहे, कारण रक्तातील साखरेचा संकेत अतिशय क्षीण असतो आणि पाणी, त्वचा व तापमान यांच्या परिणामांत तो बुडून जातो. चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवली तर जिवावर बेतू शकते, म्हणून हा पडदा विकणे मला अक्षम्य वाटते.

रक्तदाबाची स्थिती याहून बरी आहे. सॅमसंगच्या काही घड्याळांत नाडीच्या लहरीवरून रक्तदाबाचा अंदाज मिळतो, पण दर २८ दिवसांनी दंडावरच्या पट्ट्याच्या यंत्राशी ते जुळवून घ्यावे लागते. ओमरॉन आणि ह्युआवे यांनी मनगटाच्या पट्ट्यातच हवेने फुगणारी पिशवी बसवून प्रत्यक्ष दाब मोजणारी घड्याळे काढली. ॲपलने २०२५ मध्ये आणखी वेगळा मार्ग घेतला: आकडा न देता ३० दिवसांच्या नोंदी पाहून उच्च रक्तदाबाची शक्यता दिसली तर सूचना द्यायची. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो, कारण जेवढे कळते तेवढेच तो सांगतो. ईसीजीबाबतही, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखाबाबतही, अशीच स्पष्टता हवी. २०१८ पासून घड्याळात आलेला ईसीजी एकाच दिशेने हृदयाकडे पाहतो आणि ठोक्यांतील एक विशिष्ट अनियमितता तो चांगली टिपतो; हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी इस्पितळातला, बारा दिशांनी पाहणारा (बारा लीडचा) ईसीजीच लागतो. छातीत कळ आली असताना घड्याळाने 'सामान्य' म्हटले म्हणून कोणी घरी थांबू नये, थेट १०८ला फोन करून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या इस्पितळात जावे. हे वाक्य घड्याळाने प्रत्येक ईसीजीखाली ठळक मराठीत दाखवावे.

नव्या सोयींपैकी मला खरोखर हवी असलेली एक सोय आभाळाशी संबंधित आहे. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात सत्तरी तालुक्याकडे विजांचा कहर असतो. आमचे कुळागर तिथे आहे आणि सुपारीच्या कामासाठी माणसे उघड्यावर असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप फोनवर विजेची पूर्वसूचना देते, पण काम करताना फोन पिशवीत राहतो. तीच सूचना मनगटावर जोराच्या थरथरीने यावी. त्याचप्रमाणे दाट झाडीत माझ्या घड्याळाची वाट भरकटते. उपग्रहांचे दोन लहरींवरचे संकेत एकत्र वापरणारी घड्याळे तिथे अधिक अचूक ठरतात. इस्रोने २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून आपल्या 'नाविक' या उपग्रहांवरून ठिकाण सांगणाऱ्या भारतीय प्रणालीत एल१ ही लहरही आली, जी घड्याळासारख्या छोट्या उपकरणांना सोयीची आहे. पुढचे घड्याळ घेताना त्यात नाविक आहे काय, हे मी आवर्जून विचारणार आहे.

मासळी बाजारात मनगटावरून पैसे देता यावेत, अशी इच्छा बरेच जण व्यक्त करतात. संपर्करहित पद्धतीने ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे देण्याची मुभा २०२१ पासून आहे, पण मासे विकणाऱ्या बाईकडे क्यूआरचा फलक असतो, यंत्र नसते; त्यामुळे क्यूआर वाचू न शकणाऱ्या घड्याळाचा तिथे उपयोग नाही.

बॅटरीने शेवटी मला विचार करायला लावले. घेतले तेव्हा माझे घड्याळ दोन दिवस चालत असे, आता संध्याकाळी पाचला पणजीहून निघताना ते १५ टक्क्यांवर येते. लिथियम बॅटरी चार्जिंगच्या फेऱ्यांनी झिजते आणि उष्णतेने अधिक लवकर झिजते, हे निसर्गाचेच आहे. पण ती बदलायची म्हटले की काच तापवून उचकटावी लागते आणि पाण्यापासूनचे संरक्षण तिथेच संपते, हे कंपनीने ठरवलेले आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या उपकरणांतील छोट्या बॅटऱ्या सहज बदलता येण्याजोग्या असाव्या लागतील, पाण्यात वापरायच्या उपकरणांना काही सवलत ठेवून. चार स्क्रू काढून बॅटरी आणि रबरी कड दोन्ही नवी बसवता येईल असे घड्याळ कोणी आणले तर त्यासाठी मी ५,००० रुपये जास्त मोजेन, भले ते दोन मिलिमीटर जाड असले तरी.

म्हणून यंदा नवे घड्याळ घेत नाही. मडगावच्या एका दुरुस्तीवाल्याने कड नव्याने चिकटवून बॅटरी बदलून देण्याचे कबूल केले आहे, पावसाळा संपला की तिथे जाईन. आईच्या घड्याळातला साखरेचा आणि रक्तदाबाचा पडदा मी काढून टाकला. ती त्यावर वेळ आणि ठोके पाहते, आणि रक्तदाब दर रविवारी सकाळी दंडाच्या यंत्राने मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते.