रंगाचा पट्टा की कठड्याआडचा मार्ग?

सायकलला रस्त्यात जागा द्यायची म्हटलं की आधी रंगाचा डबा निघतो. पट्टा स्वस्त, एका रात्रीत होतो, कुणाची गाडी हलवावी लागत नाही. गोम तिथेच आहे. सकाळी त्याच पट्ट्यावर टेम्पो उभा असतो आणि सायकलवाला वळसा घालून नेमका मागून येणाऱ्या बसपुढे येतो. पट्टा पार्किंगला खेटून असेल तर आणखी वाईट: उघडलेलं दार जवळपास मीटरभर जागा गिळतं.

कठड्याने वेगळा केलेला मार्ग महाग. पार्किंग जातं, दुकानदार ओरडतात, झाडायला अरुंद यंत्र लागतं (हे आधी कुणाच्या डोक्यातच येत नाही). चौकात कठडा संपतो. तिथले सिग्नल आणि वळणं नीट आखली नाहीत तर धोका फक्त पुढे सरकतो. तरी माझं मत यालाच. स्पेनमधल्या सेव्हियाने २००६ नंतर असे मार्ग सलग जाळं म्हणून बांधले आणि थोड्याच वर्षांत सायकली कित्येक पटींनी वाढल्या.

गल्लीबोळात मात्र दोन्ही नकोत. गाड्या ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवल्या की भागतं.