वॉकीटॉकीचा ‘आयसी गेलाय’ असं कुणी सांगितलं तर आधी हे वाचा

ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. तोवर सेवा मंडळं, अन्नछत्रं, पार्किंगवाले, खाजगी सिक्युरिटीवाले असे कितीतरी जण वॉकीटॉकी घेतील. आमच्या मंडळाला ज्याने फसवलं तो माणूस आजही शहरात धंदा करतो आणि त्याच्यासारखे आणखीही असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. त्याचं नाव इथे देत नाही, ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारीत दिलं आहे.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारी रात्रीपासूनच कुशावर्तावर स्नान करून माणसं चालायला लागतात. आमचं मंडळ वाटेवर पाणी, चहा आणि प्रथमोपचाराची ठाणी ठेवतं. डोंगराच्या मागल्या अंगाला मोबाइलला धड रेंज नसते, त्यात गर्दी झाली की असलेलं नेटवर्कही बसतं. म्हणून वर्गणीतून वॉकीटॉकीचे आठ संच घेतले. मंडळाचं साहित्य माझ्याकडे असतं, त्यामुळे हा व्यवहार मी जवळून पाहिला आहे.

विकणाऱ्याने तीन गोष्टी ठासून सांगितल्या. दहा किलोमीटर रेंज. दुसऱ्या कुणालाच ऐकू येणार नाही असे ‘सिक्रेट’ चॅनेल. आणि ‘लायसन्स आमच्याकडूनच’. त्या लायसन्सचे प्रत्येक संचामागे वेगळे पैसे घेऊन त्याने लॅमिनेट केलेला एक कागद दिला. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मध्ये एक लांबलचक नंबर. पहिल्या वर्षी संच चालले. दहा किलोमीटर कुठले, पण एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्याला बोलता यायचं आणि आमचं तेवढ्यावर भागत होतं.

दुसऱ्या वर्षी आषाढात त्याचाच फोन आला. “भाऊ, वर्षभर सेट पडून राहिले की चॅनेल उडतात. फेरीच्या आधी रीप्रोग्रॅमिंग करून घ्या, नाहीतर ऐन वेळी बंद पडतील.” पैसे घेऊन त्याने सगळे संच नेले आणि परत आणून दिले. दुकानात दोन संच हातात घेऊन समोरासमोर बोलून दाखवलं. कोणते दोन, ते त्याने निवडले होते.

हे ‘चॅनेल उडतात’ साफ खोटं आहे. चॅनेल संचाच्या मेमरीत लिहिलेले असतात. बॅटरी काढून कपाटात ठेवली तरी ते पुसले जात नाहीत. कुणी मुद्दाम रीसेट केलं किंवा त्यावर दुसरं काही लिहिलं तरच बदलतात.

फेरीच्या रात्री पहिनेच्या बाजूला एक आजी चिखलात घसरून पडल्या, पाय मुरगळून सुजला. आमचा तिथला मुलगा प्रथमोपचाराच्या ठाण्याला हाका मारत राहिला. ठाण्यावरच्या संचाचा हिरवा दिवा लागत होता, विझत होता, आवाज मात्र शून्य. शेवटी एका पोराला भर पावसात अंधारातून पळवावं लागलं. आजींना पुढे काही झालं नाही, पण छातीत दुखणारं कुणी असतं तर तेवढा वेळ मिळाला नसता. पैसे गेल्याचा राग येतोच. त्याहून कितीतरी पटीने जास्त राग मला या गोष्टीचा आहे.

दुसऱ्या दिवशी त्यातले सहा संच त्याच्याकडे नेले. चार संच बाजूला काढून तो म्हणाला, “पाणी गेलंय, आयसी उडालाय.” आयसी म्हणजे आतली चिप. आणखी दोघांचा ‘माइक गेलाय’. नव्या संचाच्या निम्म्या किमतीइतकं दुरुस्तीचं बिल सांगितलं आणि पावती कच्ची दिली. आठवड्याने सहाही संच चालू होऊन आले. जाताना बजावलं, “यांना दुसऱ्या कुणाची केबल लावू देऊ नका, सेट कायमचा डेड होईल.”

याच वाक्यामुळे मंडळात शंका आली. नाशिकरोडचे एक काका हॅम आहेत, म्हणजे केंद्र सरकारची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेतलेले. त्यांनी एक बॅटरी काढली आणि मागचे स्क्रू दाखवले. स्क्रूवरचं कारखान्याचं सील जसंच्या तसं होतं. ज्या चारांत नवा आयसी टाकला म्हणून पैसे घेतले, त्या चारही संचांचं सील शाबूत. संच उघडलेच नव्हते.

मग दुखणं होतं कुठे? सहा संचांनाच हात लावून त्याने बिल केलं होतं. सातवा आणि आठवा त्याने तपासलेलेही नव्हते, फेरीनंतर ते आमच्याकडेच राहिले होते. त्यांत त्याने आषाढात भरलेलं सगळं तसंच होतं. काकांनी लॅपटॉपला प्रोग्रॅमिंगची केबल जोडली, चर्प नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि आधी फक्त वाचून घेतलं. नुसतं वाचल्याने संचाला काही होत नाही. धोका असतो तो दुसऱ्या मॉडेलची फाइल आत लिहिली तर. म्हणून आधी मूळ फाइल वाचून सेव्ह करायची आणि मगच बदल करायचे.

एक नंबरचा चॅनेल दोन्ही संचांत त्याच फ्रिक्वेन्सीवर होता. पण एकात टोन ८८.५ हर्ट्झ, दुसऱ्यात १०३.५. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळी फसवणूक याच जागी आहे. बोलताना संच आपल्या आवाजाखाली एक बारीक सूर पाठवतो, तो आपल्याला ऐकू येत नाही. याला सीटीसीएसएस टोन म्हणतात. ऐकणाऱ्या संचात रिसीव्ह टोन भरलेला असेल तर तोच सूर आल्याशिवाय त्याचा स्पीकर उघडतच नाही. सिग्नल येतो, दिवा हिरवा होतो, आवाज येत नाही. अगदी फेरीच्या रात्री झालं तसंच.

‘माइक गेलाय’चं कोडंही तिथेच सुटलं. एका संचात चॅनेलची रुंदी २५ किलोहर्ट्झ, दुसऱ्यात १२.५. अरुंदवर बोललेलं रुंदवर बारीक ऐकू येतं आणि रुंदवर बोललेलं अरुंदवर फाटतं. ऐकणाऱ्याला वाटतं समोरच्याचा माइक खराब आहे. दुरुस्ती म्हणजे मेनूत एक ओळ बदलायची.

काकांनी दाखवलेली तपासणी घरबसल्या करता येते. दोन संच घेऊन दोन खोल्यांत उभे राहा, अगदी शेजारी नको. संच चॅनेल मोडवर आहेत ना ते आधी बघा, कारण कीपॅडवाल्या संचात कुणाचा हात लागून तो फ्रिक्वेन्सी मोडवर गेला की आकडे दिसतात पण तुमचा चॅनेल लागलेला नसतो. मग एकाने बटण दाबून बोलावं. बोलणाऱ्याचा दिवा लाल झाला नाही तर बॅटरी किंवा त्या चॅनेलवर पाठवणंच बंद केलेलं. लाल झाला पण समोर हिरवा नाही, तर फ्रिक्वेन्सी वेगळी. समोर हिरवा लागतो पण आवाज नाही, तर ऐकणाऱ्याने बाजूचं मॉनिटरचं बटण दाबून धरावं. आवाज आला की समजा संच धडधाकट आहे, गोंधळ टोनचा आहे. एवढं करण्याआधी कुणालाही ‘आयसी’चे पैसे देऊ नका. आणि प्रत्येक संच प्रत्येकाशी लावून बघा, दुकानदाराने उचललेल्या जोडीवर जाऊ नका.

‘सिक्रेट’ चॅनेलही यात उघडा पडला. टोनमुळे बोलणं गुप्त होत नाही. त्या फ्रिक्वेन्सीवर टोन न लावता बसलेल्या कुणालाही आपलं सगळं ऐकू येतं.

यापुढचं ऐकून आम्ही खरे घाबरलो. आमचे सगळे चॅनेल १५० ते १६० मेगाहर्ट्झच्या दरम्यान आणि पाच वॅटवर होते. आपल्याकडे सामान्य माणसाला विनापरवाना वॉकीटॉकीसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ च्या नियमांनी मोकळा आहे, तोही कमी ताकदीच्या संचांसाठी. आमच्यासारख्या चॅनेलसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून फ्रिक्वेन्सी आणि परवाना घ्यावा लागतो. हॅम मंडळींचे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ हे पट्टे वेगळे, तेही परवानाधारकांनाच. म्हणजे गर्दीच्या रात्री आम्ही नकळत दुसऱ्या कुणाच्या, कदाचित पोलीस बंदोबस्ताच्याही, चॅनेलवर बोलत असू.

आणि तो लॅमिनेट केलेला कागद? दुकानदाराला लायसन्स देण्याचा अधिकारच नसतो. त्याच्याकडे असायला हवं ते ईटीए, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता. ती मॉडेलची असते, तुमच्या मंडळाच्या नावाने निघत नाही. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवरून मान्यता पडताळता येते. आमच्या कागदावरच्या नंबराची तिथे नोंदच मिळाली नाही. ऑनलाइन घेणार असाल तरी हेच बघा. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या विक्रीवरून ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि फ्रिक्वेन्सी व ईटीए दाखवण्याबद्दल मार्गदर्शक सूचनाही आणल्या. तेव्हा मोठ्या साइटवर दिसतंय म्हणजे कायदेशीर असेल, असं धरून चालू नका.

आम्ही ते संच बंद करून ठेवलेत. नवे घेताना ४४६ चे, ईटीए तपासून घेतले. हातातल्या संचाने डोंगराआड बोलणं होत नाही हे मान्य करून मध्ये एक माणूस उंचावर ठेवायचं ठरवलं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याकडून प्रत्येक चॅनेलची फ्रिक्वेन्सी, टोन, रुंदी आणि पॉवर कागदावर लिहून घेतली, फाइलही पेनड्राइव्हवर घेतली. प्रामाणिक तंत्रज्ञ हे द्यायला कधी कुरकुरत नाही.

त्या माणसाने आधी उडवून लावलं. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्याचं कळल्यावर दुरुस्तीचे पैसे परत करतो म्हणाला, पण खोट्या लायसन्सचे देईना. आम्ही निम्म्यावर मिटवायला नकार दिला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. पक्कं बिल नसलं तरी आमच्याकडे यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे त्याचे मेसेज, सील शाबूत असलेल्या संचांचे फोटो आणि न बदललेल्या दोन संचांच्या फाइली आहेत.

राजमुद्रा आणि गोल शिक्क्याचा तसाच लॅमिनेट केलेला कागद तुमच्या मंडळाकडेही असेल, तर तो फेकू नका आणि संचही परत त्याच्याकडे देऊ नका. एकाच माणसाने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आयोगातली आमची तक्रार अजून दाखल व्हायची आहे, त्यात तुमचं नाव घालायला वेळ आहे.