सीपॅप की माउथपीस? एका ताशेवाल्याचा हिशोब

गेल्या जूनमध्ये पथकाच्या सरावात ताशाचा नवा हात, म्हणजे नवा ठेका, बसवत होतो. रात्री नऊला जमलेला हात दुसऱ्या संध्याकाळी परत पहिल्यापासून! शेजारचा विशीतला पोरगा रात्री अडखळायचा आणि दुसऱ्या दिवशी सफाईने वाजवायचा. मी वयाला बोल लावला. बायकोने मात्र घोरण्याला लावला आणि झोपेची तपासणी करायला लावली. आकडा आला २२. म्हणजे तासाला २२ वेळा श्वास थांबतो नाहीतर अपुरा पडतो, तोही दर वेळी किमान १० सेकंद. या आजाराचं नाव स्लीप अॅप्निया.

दिवसा शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करतो. झोपेचेच तुकडे पडले तर ते काम अर्धवट राहतं. स्लीप अॅप्निया असलेल्यांवर बोटांनी ठरावीक क्रमाने बटणं दाबण्याचे प्रयोग झालेत. रात्री शिकताना ते इतरांच्या बरोबरीने असतात, सकाळची सुधारणा मात्र कमी पडते. वाचून हसू आलं, हे तर माझंच. कर्वे रोडवर स्कूटरचा ब्रेक उशिरा दाबला जातो, ती भानगडही याच घरची.

आता उपचाराची निवड: सीपॅप मशीन की माउथपीस. तासाचा आकडा ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. तीव्र असेल तर फार घोळ घालू नका, सीपॅपच घ्या. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं हे मशीन आकडा सर्वांत जास्त खाली आणतं. पण ते रात्रभर लावायला हवं, आणि गाडी तिथेच अडते. पहिल्या आठवड्यात मी झोपेतच मास्क काढून फेकायचो. दाढी असेल तर कडेने हवा सुटते. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क घेतला की दाढीमिशी दोन्ही वाचतात. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी साचून पहाटे नाकात थेंब आला, तेव्हापासून नळी पांघरुणाखाली घेतो. वीज गेली की मात्र खेळ खलास.

माउथपीस खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतो. ना आवाज, ना वीज. वारीला न्या, राजगडावर न्या. आकडा सीपॅपइतका उतरत नाही, पण लोक तो जास्त तास लावतात, त्यामुळे सौम्य-मध्यम आजारात दिवसाची मरगळ दोन्हींनी साधारण सारखीच कमी होते. सुरुवातीला सकाळी जबडा दुखतो, लाळ गळते, आणि काही वर्षांत दातांची ठेवण थोडी बदलू शकते. हलते दात किंवा कवळी असेल तर हा नाद सोडा. बाजारातला गरम पाण्यात मऊ करून चावायचा स्वस्त प्रकार नको. दंतवैद्याकडून मापाचा करून घ्या आणि तो लावून तपासणी पुन्हा करा. घोरणं थांबलं म्हणजे श्वास मोकळा झाला, असं नसतं.

माझा आकडा मधला, म्हणजे दोन्ही दारं उघडी. रोज स्कूटर चालवायची म्हणून मी मशीन घेतलं. ब्रेक महिन्याभरात वेळेवर लागायला लागला. ताशाचा हात अजून पूर्ण आलेला नाही.