पूर्व आशियाच्या इतिहासावरील शिक्षक-चर्चासत्र : परिचयापासून सुरू झालेला अभ्यासक्रम

अमेरिकेतील शाळांत सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी पूर्व आशियाच्या इतिहासावर जी तीस तासांची चर्चासत्रे भरतात, त्यांपैकी एक मी नुकतेच पूर्ण केले. मी न्यू जर्सीत सातवीच्या वर्गाला जगाचा इतिहास शिकवते. मराठी घरांतून आलेल्या आणि इथल्या शाळांत नोकरी करणाऱ्या शिक्षकांची संख्या आता बरीच आहे. त्यांना अर्ज करण्यापूर्वी उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. अशा चर्चासत्रांची रीत इथे जुनी आहे. नॅशनल कन्सॉर्शियम फॉर टीचिंग अबाउट एशिया ही विद्यापीठांची संघटना १९९८ पासून फ्रीमन फाउंडेशनच्या साहाय्याने ती भरवत आली आहे. मी ज्यात सहभागी झाले ते चर्चासत्र त्याच धर्तीवर एका विद्यापीठाने आखलेले होते. त्याच्या उणिवांबद्दलही लिहायचे असल्यामुळे विद्यापीठाचे नाव मी देत नाही.

शुल्क नव्हते. दहा संध्याकाळी प्रत्येकी तीन तास झूमवर भेटायचे, दर आठवड्याला साधारण साठ पाने वाचून यायचे आणि शेवटी आपल्या वर्गासाठी एक पाठ तयार करून द्यायचा, एवढीच अट होती. वाचनाची पुस्तके घरपोच आली. व्याख्याने चांगली होती, काही फारच चांगली होती. पण त्यांच्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण व्याख्याने इतरत्रही ऐकायला मिळतात. या चर्चासत्राचे वेगळेपण पहिल्या व्याख्यानाच्या आधीच सुरू झाले होते, आणि ते होते शिक्षकांच्या परिचयात.

सुरुवातीच्या दहा दिवस आधी आम्हा बावीस जणांना एक पत्र आले. प्रत्येकाने दोन-तीन परिच्छेदांत आपला परिचय लिहून पाठवावा आणि इतरांचे परिचय वाचूनच पहिल्या बैठकीला यावे, असे त्यात म्हटले होते. शाळा आणि इयत्ता यांपलीकडे त्यात तीन गोष्टी विचारल्या होत्या : तुमचे नाव कसे उच्चारावे आणि त्यात आडनाव कोणते, पूर्व आशियाशी तुमचा पहिला संबंध केव्हा व कशामुळे आला, आणि वर्गात कोणत्या प्रश्नाला तुम्हाला समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. अनेक वर्षे अनेक प्रशिक्षणांत मी परिचय दिले आहेत. नाव, गाव, अनुभव किती वर्षांचा, एवढे सांगून खाली बसायचे आणि पुढच्याचे ऐकता ऐकता आपले विसरायचे, असाच तो प्रकार असतो. या तीन प्रश्नांनी मला दोन संध्याकाळी टेबलाशी बसवले.

माझा पहिला मसुदा अगदी रुक्ष झाला. दुसऱ्यात मी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दल लिहिले, कारण चीन हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो त्यांच्यामुळे. माझे आजोळ सोलापूरचे. जपानने आक्रमण केलेल्या चीनमध्ये काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात सोलापूरचा हा तरुण होता. तो परत आला नाही, आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारला, हे आजीने मला सांगितले तेव्हा मी माझ्या आताच्या विद्यार्थ्यांच्याच वयाची असेन. पण अमेरिकेतल्या माझ्या वर्गात दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात पुस्तकाप्रमाणे १९३९ साली पोलंडमध्ये होते. १९३७ पासून चीनमध्ये चाललेले युद्ध त्यात कुठे बसवायचे, हा माझा अनुत्तरित प्रश्न होता, आणि तो मी तसाच लिहून पाठवला.

इतरांचे परिचय वाचताना मी थक्क झाले. एका गणित शिक्षकाने जपानी मणिचौकटीवर म्हणजे सोरोबानवर बेरजा शिकवता शिकवता तिच्या इतिहासात शिरल्याचे लिहिले होते. एका शिक्षिकेने पदवीनंतर दोन वर्षे जपान सरकारच्या जेट योजनेत क्यूशूतील एका गावी इंग्रजी शिकवले होते. एकाचे आजोबा कोरियाच्या युद्धात लढले होते आणि त्याबद्दल घरात कधीच बोलले नव्हते. युद्धात नक्की काय झाले हे कळावे, एवढ्यासाठी हा नातू इतिहासाचा शिक्षक झाला होता. एका ग्रंथपाल बाईंनी तर आपल्याला पूर्व आशियाबद्दल काहीच ठाऊक नसल्याचे लिहून, आपल्या शाळेतील या विषयावरची पुस्तके कोणत्या काळातील आहेत याची यादीच जोडली होती. तो परिचय मला सर्वांत उपयोगी वाटला.

पहिल्या बैठकीत प्राध्यापकांनी केलेली गोष्ट मी अजून कुठल्याही प्रशिक्षणात पाहिलेली नाही. त्यांनी आमचे बावीसही परिचय वाचून काढले होते आणि त्यांत उल्लेखलेल्या सर्व घटना एका कालरेषेवर मांडून आणल्या होत्या. १८३९ साली सुरू झालेले अफूचे पहिले युद्ध, अमेरिकी नौदलाच्या पेरीने जपानला नेलेली १८५३ सालची काळी जहाजे, नानजिंगचे हत्याकांड, हिरोशिमा, कोरियाचे युद्ध, तिआनमेन चौक. १८३९ च्या डावीकडे रेषा जवळजवळ कोरी होती. तुम्हा सगळ्यांच्या परिचयांत पूर्व आशियाचा जन्म युरोप व अमेरिकेची जहाजे आल्यावर होतो आणि पुढे तो फक्त युद्धे करतो, असे त्यांनी शांतपणे दाखवून दिले. माझा परिचयही त्याच रेषेच्या उजव्या टोकाला होता. त्यानंतर त्यांनी सांगितले की छापील वेळापत्रक बदलले असून पहिल्या तीन संध्याकाळी आपण आठव्या शतकाच्या आसपासच राहणार आहोत.

त्या तीन संध्याकाळींसाठीच मी या चर्चासत्राची शिफारस करीन. चीनच्या थांग राजवटीची छांगआन ही राजधानी, तिच्या आराखड्यावर बेतलेले जपानमधील नारा, आणि नाराच्या तोदाईजी मंदिरात ७५२ साली महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी करणारा बोधिसेन हा भारतीय भिक्षू, हे सगळे एका ओळीत आले. ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन दुसऱ्या पुलकेशीबद्दल लिहून गेला, हे आपल्या शालेय पुस्तकांत असते. पण त्याच्यानंतर शंभर वर्षांच्या आत कोरियाचा ह्येछो हा भिक्षू भारतभर फिरला आणि त्याच्या प्रवासवर्णनाचे हस्तलिखित १९०८ साली चीनमधील तुनह्वांगच्या गुहेत सापडले, हे मला या वयात प्रथमच कळले.

नावाबद्दलचा प्रश्न आरंभी मला केवळ सौजन्याचा वाटला होता. पुढे तोच अभ्यासाचा भाग झाला. चिनी, जपानी व कोरियन नावांत आडनाव आधी येते. इंग्रजी पुस्तके माओचे नाव त्याच क्रमाने छापतात आणि जपानी पंतप्रधानांचे मात्र उलटवतात. जपान सरकारनेच २०२० पासून आपल्या शासकीय कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहिण्याची पद्धत स्वीकारली आहे. एका शिक्षिकेने विचारले की मग इतिहासकार सोळाव्या शतकातील जपानी सेनानी ओदा नोबुनागाला आडनावाने न ओळखता नोबुनागा का म्हणतात. मला उत्तर देता आले, कारण आपणही बाजीराव आणि शाहू असेच म्हणतो, भट आणि भोसले म्हणत नाही. वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये घेणारी आपली रीत मी समजावून सांगितली, तेव्हा माझ्या नावातला मधला शब्द हा माझे दुसरे नाव नसून एका माणसाचे नाव आहे, हे माझ्या गटातील लोकांना प्रथमच उमगले.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक सोय आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिनीच्या रोमन लिपीत जे व्यंजन झेड अक्षराने लिहितात, त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या ‘चांगला’मधल्या चसारखा आहे, आणि डी अक्षराचा उच्चार द नसून हकाररहित त किंवा ट यांच्या जवळचा आहे. आपली जुनी वर्तमानपत्रे ‘माओ त्से तुंग’ छापत असत, ते आजच्या रोमन अक्षरांवरून केलेल्या वाचनापेक्षा मूळ ध्वनीला अधिक धरून होते. महाप्राण आणि अल्पप्राण यांतला फरक इंग्रजी कानांना ऐकवताना प्राध्यापकांनी दोनदा माझी मदत घेतली, याचा मला आनंद झाला.

अफूच्या युद्धावरील बैठकीतही माझ्या परिचयातला भारत-चीन संबंधाचा धागा त्यांनी उचलला. १८३९ मध्ये लिन त्सेशू या चिनी अधिकाऱ्याने हूमेन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, हे आमच्या पुस्तकात आहे. ती अफू भारतातून आली होती, हेही आहे. तिच्यातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे आणि त्या व्यापारातून मुंबईत मोठ्या संपत्ती उभ्या राहिल्या, हे मात्र नाही. जमशेटजी जीजीभाई यांचे नाव मी रुग्णालयाशी आणि कलाशाळेशी जोडत वाढले होते. त्यांची दानशूरता खरी होती आणि चीनच्या कँटन बंदराशी त्यांचा अफूचा व्यापारही खरा होता. दोन्ही एकाच पाठात मुलांसमोर कसे ठेवायचे, यावर आमच्या गटात झालेली पाऊण तासाची चर्चा मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक देऊन गेली.

आता उणिवा. सर्वांनी परिचय लिहून पाठवले होते आणि वाचलेही होते. तरीही पहिल्या संध्याकाळी संयोजकांनी पुन्हा सर्वांना एकेक करून बोलायला लावले. त्यात सत्तर मिनिटे गेली आणि कालरेषेवरची चर्चा घाईने आटोपावी लागली. लिहिलेला परिचय हा बोललेल्या परिचयापेक्षा अधिक प्रामाणिक होता. त्याची उजळणी करण्याऐवजी दोन-दोन जणांना एकमेकांच्या मजकुरावर प्रश्न विचारायला सांगितले असते, तर तो वेळ सत्कारणी लागला असता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. परिचयासोबत भरायच्या अर्जात ‘मूळ देश’ असा एक रकाना होता. आमच्यातील एका शिक्षिकेचे आजी-आजोबा तैवानहून आलेले होते. तिचा स्वतःचा जन्म ओहायोतला. त्या रकान्यामुळे पहिले दोन आठवडे चीनमधील शाळांबद्दलचा प्रत्येक प्रश्न तिच्याकडे वळवला गेला, आणि तिने तिसऱ्या आठवड्यात नम्रपणे पण स्पष्टपणे हरकत घेईपर्यंत संयोजकांच्या ते लक्षात आले नाही. मलाही भारतातर्फे बोलायला बोलावले गेले. मला ते आवडले, कारण त्याबद्दल मी आपणहून लिहिले होते. तिने लिहिले नव्हते. हा फरक शिक्षकांच्या चर्चासत्रात तरी कळायला हवा होता.

तिसरे म्हणजे कोरिया. बावीसपैकी सहा परिचयांत कोरियाच्या युद्धाचा उल्लेख असताना त्या देशाला दहापैकी जेमतेम दीड संध्याकाळ मिळाली. १५९२ चे जपानी आक्रमण, राजा सेजोंगने घडवलेली कोरियन लिपी आणि जपानी सत्तेविरुद्धची १९१९ ची मार्चमधील चळवळ एकाच तासात उरकली. ज्याचे आजोबा लढले होते त्या शिक्षकासाठी मी वाईट वाटून घेतले आणि पुढच्या आठवड्यात त्याला एक टिपण पाठवले : युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय सैन्याकडे देण्यात आला होता आणि त्या दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते. भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीवर पाऊल ठेवू नये, असा दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा आग्रह असल्यामुळे त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्याने हे आधी कुठेच वाचलेले नव्हते. त्याचा शेवटचा पाठ त्याने या कैद्यांवरच तयार केला, आणि तो मला सर्व पाठांत उत्तम वाटला.

माझे मत पाचपैकी चार गुण देण्याचे आहे. सहावीपासून बारावीपर्यंत इतिहास, भाषा किंवा कला शिकवणाऱ्या कोणालाही हे चर्चासत्र झेपेल. आठवड्याचे वाचन मात्र रविवारी रात्रीवर ढकलू नये, कारण ते तेवढ्यात होत नाही. परिचय मागवला जाईल तेव्हा पदव्या आणि पुरस्कार एका वाक्यात संपवावेत व उरलेली जागा वर्गात अडलेल्या प्रश्नाला द्यावी. ‘मूळ देश’ हा रकाना काढून टाकावा आणि कोरियाला तीन संध्याकाळी द्याव्यात, असे मी शेवटच्या अभिप्रायपत्रात संयोजकांना लिहिले आहे. पहिली सूचना मान्य केल्याचे त्यांचे उत्तर आले. दुसरीचा विचार चालू आहे असे त्यांनी कळवले आहे.