दारव्ह्याचा कोडिंग क्लास: सर कीबोर्डला हात लावत नाहीत, म्हणूनच जा

सहा महिने झाले जाऊन राहिलो, आता लिहायला हरकत नाही. दारव्ह्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कृषी केंद्राच्या बाजूचा जिना चढून गेलं की एक खोली आहे, सात कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर अन् सर एकटेच. बोर्डावर अजून एमएस-सीआयटीच लिहिलेलं आहे पण संध्याकाळी पायथन शिकवतात, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा. फी महिन्याला ८०० रुपये, एकदम जमत नसेल तर कापूस विकल्यावर द्या म्हणतात.

याच्या आधी मी नागपूरला एका मोठ्या क्लासला जात होतो. चाळीस पोट्टे, पडद्यावर कोड भराभर वर सरकायचा, अडलं की असिस्टंट यायचा, माउस आपल्या हातातून घ्यायचा, टकटक करून "झालं" म्हणायचा अन् पुढच्याकडे. प्रोग्राम चालायचा पण काय केलं ते मला काही कळायचं नाही. दोनदा विचारलं तर "हे तर बेसिक आहे" ऐकून घेतलं, तिसऱ्यांदा विचारलंच नाही. तीन महिन्यांत गावी परत आलो, मनात पक्कं बसलं होतं की हे आपल्या डोक्याचं काम नाही.

इथली पहिल्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. घरच्या कापसाचा हिशोब करायला घेतला, क्विंटल विचारायचे, भाव विचारायचा, गुणाकार दाखवायचा. ५ क्विंटल टाकले, ७००० भाव टाकला, यायला पाहिजे ३५००० तर स्क्रीनवर आलं ७०००७०००७०००७०००७०००. मी घाबरून सगळं पुसायला लागलो तर सर मागं येऊन उभे, दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

"पुसू नको. मोठ्यानं वाच बरं काय आलं ते."

वाचलं.

"सात हजार किती डाव आले?"

मोजलं, पाच डाव. अन् क्विंटलही पाचच टाकले होते. त्यानंतर सर गप्प. खरंच गप्प, दोन मिनिटं तरी, बाजूच्या पोट्ट्यानं उत्तर सांगायला तोंड उघडलं तर त्याला हातानंच थांबवलं. शेवटी माझं मलाच सुचलं की यानं गुणलंच नाही, सात हजार पाच वेळा एकापुढे एक मांडून ठेवले. "मंग तो त्या ७००० ले आकडा समजून रायला का अक्षरं?" बस, एवढंच विचारलं. इनपुटमधून, म्हणजे आपण टाईप करून, येते ते पायथनसाठी अक्षरंच असतात, इंट (int) लावून त्याचा आकडा करावा लागते, क्विंटलला मी लावलं होतं अन् भावाला विसरलो होतो. हे आता जन्मात विसरत नाही, कारण ते मी शोधलं.

एररची, म्हणजे चूक सांगणारी, लाल अक्षरं दिसली की आमच्यासारखी पोरं हबकतात, त्यात सगळं इंग्रजी. सर म्हणतात आधी सगळ्यात खालची ओळ वाचा, काय चुकलं ते तिथं असते अन् कुठं चुकलं ते तिच्या वर. प्रत्येकाची एक वही आहे, एरर जसाच्या तसा उतरवायचा, बाजूला मराठीत अर्थ, खाली कसा सुटला ते. माझे ६१ झाले. एकदा यूट्यूबवर पाहून कंस न लावता प्रिंट (स्क्रीनवर दाखवायची आज्ञा) लिहिलं अन् एरर आला, तर सरांनी आधी व्हिडिओची तारीख पाहायला लावली. कंसाशिवाय प्रिंट जुन्या पायथन २ मध्ये चालायचं, ३ मध्ये चालत नाही. पायथन ३ आलं २००८ मध्ये, पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला, पण जुने व्हिडिओ नेटवर तसेच पडून आहेत. "चूक तुही नाही, व्हिडिओ जुना हाय." नवीन माणसाला हे वाक्य वेळेवर ऐकायला मिळणं फार मोठी गोष्ट आहे.

अन् सरांना येत नसलं की येत नाही म्हणतात. ग्रामपंचायतीत डेटा एन्ट्री करणाऱ्या एक ताई येतात, त्यांच्या फाईलमधली मराठी नावं प्रोग्राममध्ये भलतीच अक्षरं होऊन येत होती. सर म्हणाले, "मलेही नाही माहीत ताई, चला पाहू." मग सगळ्यांसमोर शोधायला बसले, कोणते शब्द टाकले, कोणती लिंक काहून सोडली, पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कुठं पाहिलं, सगळं बोलत बोलत. अर्ध्या तासानं सापडलं, फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे सांगायचं राहिलं होतं. जाणता माणूस कसा अडकतो अन् कसा सुटतो हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं.

कमी काय ते पण लिहितो. लाईट गेली की इन्व्हर्टरवर तीनच मशीन चालतात, बाकीचे वहीवर कोड लिहितात. कोर्स हळू चालते, महिन्यात सर्टिफिकेट पाहिजे असेल तर इथं जाऊ नका. नोकरीची हमी नाही, मोबाईल ॲप शिकवत नाहीत, ते आधीच स्पष्ट सांगतात. बॅच साडेसातला सुटते अन् खेड्यावरच्या पोरींची एसटी तोवर गेलेली असते, दोघीजणी त्याच्यापायी सोडून गेल्या, सरांनी एक बॅच दुपारी काढायलाच पाहिजे, मी त्यांना बोललो आहे.

नवीन पोरगं आलं की सर त्याला महिना-दोन महिने पुढं असलेल्याच्या बाजूला बसवतात, कारण कुठं अडलं होतं ते त्याला ताजं आठवते. या सोमवारपासून माझ्या बाजूला एक बारावीचा पोट्टा आहे. काल त्याचा ओळीच्या शेवटचा कोलन (:) राहिला होता, मला लगेच दिसला, हात कीबोर्डकडे गेलाच होता. मांडीखाली दाबून धरला अन् म्हटलं, खालची ओळ वाच बरं.